थायमिडीन ब्लॉकनंतर दिसणारा चेक१चा बँड नेमका कशाचा?

खारघर-बेलापूरकडे पेशीचक्रावर एमएस्सीचं प्रोजेक्ट करायचं म्हटलं की बहुतेक वेळा हाच क्रम ठरतो: हेला पेशी (गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून आलेल्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशी), डबल थायमिडीन ब्लॉक (थायमिडीन दोनदा देऊन सगळ्या पेशी एस फेजच्या, म्हणजे डीएनएची नक्कल होण्याच्या टप्प्याच्या, सुरुवातीला अडवणं), मग चेक१चा वेस्टर्न. चेक१ हे डीएनएची नक्कल अडली की पेशीचक्र रोखणारं कायनेज, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट लावणारं एन्झाइम; वेस्टर्न म्हणजे जेलवर प्रथिनं वेगळी करून हवं ते प्रथिन अँटिबॉडीने बँडच्या रूपात बघणं. ब्लॉक सोडल्याबरोबर घेतलेल्या ० तासाच्या नमुन्यात सेरीन ३४५चा (चेक१मधल्या ३४५व्या जागेच्या सेरीनवर फॉस्फेट चढल्याचा) बँड दिसतो, आणि ‘एस फेजच्या सुरुवातीला चेक१ आपोआप चालू होतं’ असं प्रोजेक्टमध्ये लिहिलं जातं. तसं लिहू नका. त्या बँडमध्ये थायमिडीनचा हात आहे.

२ मिलिमोलर थायमिडीन दिलं की पेशीत डीटीटीपी (डीएनएच्या चार घटकांपैकी एक) तुंबतं. ते रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज या घटक पुरवणाऱ्या एन्झाइमला सीडीपीवर काम करू देत नाही, म्हणून डीसीटीपी हा दुसरा घटक आटतो आणि रेप्लिकेशन फोर्क (डीएनए उलगडून नक्कल चालू असलेल्या जागा) अडतात. नक्कल करणारं पॉलिमरेज थांबलं तरी पुढचं हेलिकेज धागे उलगडत राहतं. उघड्या पडलेल्या एकेरी धाग्यावर आरपीए हे प्रथिन बसतं, आरपीएवर एटीआर हे कायनेज आणि त्याचा जोडीदार एटीआरआयपी येतात, टॉपबीपी१ एटीआरला चेतवतं आणि एटीआर चेक१च्या सेरीन ३१७ व ३४५वर फॉस्फेट चढवतं. म्हणजे पेशी एका रांगेत आणायला जे वापरलं, त्यानेच चेकपॉइंट (बिघाड असेल तर चक्र थांबवणारी यंत्रणा) जागा केला.

चेक१चा सगळा रोख सीडीकेवर, म्हणजे सायक्लिनच्या जोडीने पेशीचक्र पुढे नेणाऱ्या कायनेजवर, असतो. ते सीडीसी२५ए या फॉस्फेटेजला (फॉस्फेट उतरवणाऱ्या एन्झाइमला) फॉस्फेट लावून त्याची विल्हेवाट लावायला लावतं. मग वी१ या कायनेजने सीडीके१ आणि सीडीके२च्या टायरोसीन १५वर चढवलेलं फॉस्फेट उतरवायला फारसं कोणी उरत नाही. सायक्लिन जागेवर, तरी कायनेज गप्प. (वी१ नसलं की यीस्टच्या पेशी वाढ पुरी होण्याआधीच विभागतात आणि लहान राहतात. हे जनुक ज्यांनी शोधलं त्या पॉल नर्स यांना २००१ चं नोबेल हार्टवेल आणि हंट यांच्यासोबत मिळालं.)

सीडीके दाबून ठेवणं इतकं महत्त्वाचं का, हे पंगतीवरून कळतं. आधी पानं मांडायची, मग वाढायचं. वाढप सुरू झालं की नवीन पान मांडायचं नाही. जी१मध्ये, म्हणजे एस फेजच्या आधीच्या टप्प्यात, सीडीके कमी असतं, तेव्हा ओआरसी, सीडीसी६ आणि सीडीटी१ मिळून एमसीएमची (हेलिकेजच्या गाभ्याची) दुहेरी कडी डीएनएवर चढवतात. ही झाली पानं. एस फेजमध्ये सीडीके वाढतं. सीडीसी७ कायनेज एमसीएमला फॉस्फेट लावतं, सीडीके ट्रेस्लिनला लावतं, सीडीसी४५ आणि जीआयएनएस येऊन मिळतात आणि हेलिकेज चालू होतं. तेच वाढलेलं सीडीके नवीन एमसीएम चढू देत नाही, जोडीला जेमिनिन सीडीटी१ला धरून ठेवतं. म्हणून एका चक्रात डीएनएची नक्कल एकदाच होते. फोर्क अडलेले असताना सीडीके उसळलं, तर उरलेली ओरिजिन (नक्कल जिथून सुरू होते त्या जागा) एकदम सुटतात, आरपीएचा साठा संपतो आणि उघडे धागे तुटतात.

आता प्रत्यक्ष काम. पेशी २० ते २५ टक्के दाटीवरच लावा. शेवटपर्यंत प्लेट भरून गेली तर सुटका एकसारखी होत नाही. १८ तास ब्लॉक, ९ तास मोकळीक, १७ तास दुसरा ब्लॉक. सोमवारी दुपारी ४ ला सुरू केलंत तर मंगळवारी सकाळी १० ला धुणं, संध्याकाळी ७ ला दुसरा डोस, बुधवारी दुपारी १२ ला सुटका आणि १० तासांचा शेवटचा नमुना रात्री १० ला. ठाण्याहून पनवेल गाडीने ये-जा करणाऱ्यांना हे वेळापत्रक त्यातल्या त्यात झेपतं. धुण्याचं पीबीएस (क्षारांचं बफर) आणि मीडियम ३७ अंशांवरच हवं. फ्रिजमधून काढून थेट ओतलंत तर पेशी उशिरा आणि विस्कळीत सुटतात. सोडताना २४ मायक्रोमोलर डीऑक्सीसायटिडीन घातलं की डीसीटीपीची तूट लवकर भरते.

फ्लोसाठी (पेशीगणिक डीएनए मोजून ती कुठल्या टप्प्यात आहे ते बघण्यासाठी) पेशी आधी थोड्या पीबीएसमध्ये सुट्या करा आणि मगच थंड ७० टक्के इथेनॉल थेंबाथेंबाने, ट्यूब हलवत घाला. गुठळ्या झाल्या की जी१च्या दोन चिकटलेल्या पेशी जी२ची (नक्कल होऊन डीएनए दुप्पट झालेली) एक पेशी म्हणून मोजल्या जातात. डीएनए रंगवणारं प्रोपिडियम आयोडाइड आरएनएलाही चिकटतं, म्हणून आरएनए तोडणारं आरएनेज टाळू नका.

वेस्टर्नमध्ये घोळ होतो तो बहुधा फॉस्फेटेज इनहिबिटरचा (पेशी फोडल्यावर फॉस्फेट उतरू न देणाऱ्या रसायनांचा). ऑर्थोव्हॅनाडेट टायरोसीन फॉस्फेटेजना रोखतं. ते टायरोसीन १५साठी. सेरीन ३४५ टिकवायला सोडियम फ्लोराइड आणि बीटा-ग्लिसेरोफॉस्फेट लागतं. दोन्ही घाला. ऑर्थोव्हॅनाडेट पीएच १०ला आणलं की द्रावण पिवळं होतं. ते रंगहीन होईपर्यंत उकळायचं, गार करून पीएच पुन्हा १० करायचा आणि रंग परतणं बंद होईपर्यंत हेच करायचं. पिवळं वापरलंत तर काम अर्धवट होतं. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रावणात) ईडीटीए किंवा डीटीटी असेल तर तेही त्याला निकामी करतं. ब्लॉकिंग (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून मेंब्रेन झाकणं) दुधाच्या पावडरीने नको, बीएसए या प्रथिनाने करा. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे.

चेक१चं इनहिबिटर तपासताना सेरीन ३४५चा बँड वाढला तर औषध वाया गेलं असं समजू नका. चेक१ बंद झालं की फोर्क बिघडतात, एटीआर आणखी चेतून ३४५ वाढवतं. चेक१चं स्वतःचं काम बघायचं तर सेरीन २९६ बघा, कारण तिथे ते स्वतःवरच फॉस्फेट लावतं.

हेलाची मर्यादाही ध्यानात घ्या. त्यातल्या पॅपिलोमाव्हायरसचं ई६ हे प्रथिन पी५३ला आणि ई७ आरबीला, म्हणजे पेशीचक्राला लगाम घालणाऱ्या दोन प्रथिनांना, निकामी करतं. त्यामुळे जी१चा चेकपॉइंट तिथे मुळातच लुळा. पॅल्बोसिक्लिबसारखं सीडीके४/६चं औषध देऊन जी१मध्ये अडकलेल्या पेशी शोधत बसण्यात अर्थ नाही. त्यासाठी एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी घ्या.

आणि कंट्रोल म्हणून ० तासाच्या नमुन्यावर विसंबू नका. त्याच जेलवर कुठलाही ब्लॉक न दिलेल्या पेशींची एक लेन लावा, शेजारी अशाच पेशींना २ मिलिमोलर हायड्रॉक्सीयुरिया (फोर्क अडवणारं औषध) २ तास दिलेली दुसरी, आणि सगळ्या लेनमध्ये एकूण चेक१ही बघा.