आमची वाटचाल : नुसतं बघायचे पैसे

अण्णांच्या काळात सोलापुरात अक्कलकोट रोडवरचं आमचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, टेस्ट लॅम्प आणि एक मीटर. ॲम्बॅसिडर, पद्मिनी, मग मारुती. अख्ख्या इंजिनाला एकच कॉईल, म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज पुरवणारा भाग. ती गेली की गाडी जागेवर बंद. शोधायला फारसं डोकं लागायचं नाही.

प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉईल आली आणि धंद्याचं रूपच पालटलं. आता एक कॉईल गेली तरी गाडी चालते, पण मिसिंग मारते, म्हणजे त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाही, पिकअप पडतो, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. दिवा लुकलुकत असताना लोक तशीच पुण्याला निघतात! न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि तो कॉईलच्या कितीतरी पट महाग.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर मी घेतला तेव्हा अण्णा कुरकुरले होते. त्यांचंही काही चुकत नव्हतं, कारण स्कॅनर दोष सांगत नाही, कोड सांगतो. पी ०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, एवढंच. मग कॉईल, प्लग, इंजेक्टर की कॉम्प्रेशन? आम्ही दोन नंबरची कॉईल तीनवर टाकतो. कोड बदलून ०३०३ आला तर कॉईल गेली. कोड हललाच नाही तर पुढचा नंबर प्लगचा.

सोलापूरच्या उन्हाळ्यात आणखी एक गंमत. सकाळी गाडी शहाण्यासारखी चालते, दुपारी बेचाळीस डिग्रीत मिसिंग सुरू. गार कॉईल मीटरवर बरोबरच दिसते. आतलं इन्सुलेशन तापल्यावर दगा देतं. अशी गाडी तुळजापूरच्या घाटात नेऊन, इंजिनावर लोड देऊनच तपासावी लागते.

आणि नवी कॉईल जुन्या प्लगवर बसवत नाही. प्लगचा गॅप वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. कॉईल बॅटरीच्या बारा व्होल्टचे वीस-तीस हजार व्होल्ट करतेच, त्यात हा जादा ताण पडला की नवीही लवकर थकते. प्लगच्या खड्ड्यात ऑइल उतरलं असेल तर इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, म्हणजे टॅपेट कव्हरचं, पॅकिंगही बदलायचं.

या सगळ्या तपासणीचे वेगळे पैसे लावायला लागलो तेव्हा गिऱ्हाइकं भडकायची. "नुसतं बघायचे पैसे?" काही जण परत फिरकलेच नाहीत. दर मात्र तोच ठेवला. आता होटगी रोड, जुळे सोलापूरकडची गॅरेजंच गाड्या पाठवतात. आम्ही दोष लिहून देतो. कॉईल त्यांनी बसवली तरी आमची हरकत नसते.