कोणत्या हाताने लिहिता?

अमेरिकेत माजी सैनिकांच्या अपंगत्वाच्या दाव्यांसाठी मी वैद्यकीय तपासण्या करते. व्हेटरन्स अफेअर्स, म्हणजे इथे सगळे ज्याला व्हीए म्हणतात त्या खात्याकडे दावा लावला की सैनिकाला आमच्यासारख्या डॉक्टरांकडे पाठवतात. या तपासणीला 'सी अँड पी' म्हणतात. उपचार करायचे नसतात. बघायचं, मोजायचं, विचारायचं आणि डीबीक्यू नावाचा लांबलचक फॉर्म भरायचा. अपंगत्वाचे टक्के ठरवतो तो व्हीएचा रेटर. त्याच्यापुढे कागदांची अख्खी फाइल असते, पण माणूस नसतो. माणूस माझ्यापुढे असतो, तोही अर्धा-पाऊण तास.

ही २०२५ मधली गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ होते. डाव्या मनगटाचा दावा. १९९४ मध्ये सैन्यात असताना ट्रकच्या मागच्या फळीवरून उतरताना पडले आणि सगळं वजन पसरलेल्या डाव्या तळव्यावर आलं. तेव्हाच्या नोंदीत एकच ओळ: एक्स-रे नॉर्मल, मनगट मुरगळलं, दहा दिवस हलकं काम. ती ओळ वाचून माझ्या पोटात कालवलं, कारण पुढे काय झालं असणार ते फाइल न उलटताच कळत होतं.

मनगटात स्कॅफॉइड नावाचं छोटं, होडीच्या आकाराचं हाड असतं. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी एक खळगा दिसतो, त्याच्या तळाशी. या हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसतच नाही. म्हणून खळग्यात दाबल्यावर दुखत असेल तर हात प्लास्टरमध्ये ठेवून दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा फोटो काढायचा असतो. त्यात या हाडाला बरंचसं रक्त बोटांकडच्या टोकातून मिळतं आणि तिथून उलटं कोपराच्या दिशेने जातं. हाड मधोमध मोडलं की मागचा तुकडा उपाशी राहतो. तो जुळत नाही, कधी कधी मरतोच. मग आजूबाजूचे सांधे वेडेवाकडे घासायला लागतात आणि पाच-दहा वर्षांत मनगटाचा संधिवात सुरू होतो. यांचं नेमकं तेच झालं. शेवटी सर्जनने प्लेट आणि स्क्रू घालून मनगटाचा सांधा कायमचा जोडून टाकला. दुखणं बरंच कमी झालं, पण मनगट संपलं.

आधी मनगट कमी हलतं म्हणून त्यांना १० टक्के मिळाले होते. आता सांधाच जोडला म्हणून वाढीव दावा.

नेहमीच्या क्रमाने सुरुवात केली. फॉर्ममध्ये वरच एक चौकट असते: प्रमुख हात कोणता, उजवा, डावा की दोन्ही. मी विचारलं, "लिहिता कोणत्या हाताने?"

"उजव्या."

बाहेर काउंटरवर सहीही त्यांनी उजव्यानेच केली होती. मी 'उजवा' वर खूण केली आणि पुढे गेले.

उजवं मनगट मोजलं. निरोगी मनगट मागे ७० अंश वळतं, पुढे ८०, अंगठ्याकडे २० आणि करंगळीकडे ४५. त्यांचं उजवं अगदी त्याच्या जवळ. डावं कुठेच हलत नव्हतं. हाताच्या पाठीवरून वर गेलेला लांब, पांढरा व्रण. गोनिओमीटरची, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या साधनाची, एक पट्टी व्रणाच्या रेषेत धरली: मनगट १० अंश मागे झुकलेल्या स्थितीत घट्ट, कुठल्याच बाजूला कललेलं नाही. आकडा लिहून घेण्यासाठी मी गोनिओमीटर टेबलाच्या कडेला ठेवला आणि वळताना माझं कोपर लागून तो घसरला.

तो पकडायला त्यांचा डावा हात झेपावला.

उजवा हात टेबलावरच होता, गोनिओमीटरच्या जास्त जवळ. तरी पुढे झाला तो डावा, क्षणात, विचार न करता. बोटं उघडली, पण मनगट वळेना, त्यामुळे बोटं दोन इंच वर राहिली आणि गोनिओमीटर खाली आपटला. मग त्यांनी उजव्या हाताने तो शांतपणे उचलून दिला. "सॉरी, डॉक."

मी म्हटलं, "शाळेत कोणत्या हाताने लिहायचात?"

"डाव्या. मी डावखुराच होतो. पण आता पंचवीस वर्षं तरी उजव्याने लिहितोय. डावा दुखायचा, मग शिकलो हळूहळू."

"मघाशी सांगितलं नाहीत?"

"तुम्ही विचारलंत, लिहिता कोणत्या हाताने."

अगदी खरं होतं. मी चुकीचा प्रश्न विचारला होता आणि त्यांनी त्याचं बरोबर उत्तर दिलं होतं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मला मात्र बसल्या जागी घाम फुटला.

कारण या खुणेवर पैसे अवलंबून असतात. मनगट कमी हलण्याच्या कलमात प्रमुख हात असो वा दुसरा, १० टक्केच मिळतात, म्हणून इतकी वर्षं हा प्रश्न कुणाला नीट विचारायची वेळच आली नव्हती. जोडलेल्या मनगटाचं तसं नाही. २० ते ३० अंश मागे झुकलेलं मनगट सोयीचं धरतात. १० अंश त्यात बसत नाही. त्या स्थितीला प्रमुख हात असेल तर ४० टक्के, नसेल तर ३०. २०२५ च्या दराने एकट्या माणसाला ३० टक्क्यांचे महिन्याला ५३७.४२ डॉलर होत होते आणि ४० चे ७७४.१६. दर महिन्याला, जन्मभर. माझ्या एका खुणेने त्यांना दंड झाला असता, आणि कशाबद्दल? चिकाटीने दुसऱ्या हाताने लिहायला शिकल्याबद्दल.

नियम लिहिणाऱ्यांनी याचा विचार केलेला आहे, हे सांगायलाच हवं. प्रमुख हात कोणता ते फाइलमधल्या पुराव्यावरून किंवा तपासणीतल्या चाचणीवरून ठरवायचं, आणि माणूस दोन्ही हातांनी सराईत असेल तर दुखावलेला हातच प्रमुख धरायचा, असं कलम आहे. पण ते वापरायचं तर कुणीतरी नीट विचारायला हवं, नीट लिहायला हवं.

मी खूण खोडली. कागदाचा बोळा करून त्यांना टोपलीत फेकायला सांगितला: डाव्याने. कात्री दिली: आधी डावा पुढे आला, मग थांबला, मग उजव्याने घेतली. स्क्रीनवर फाइल मागे मागे नेली. भरतीच्या वेळचा आरोग्याच्या माहितीचा फॉर्म सापडला. त्यात दोन छोट्या चौकटी, उजवखुरा आणि डावखुरा. डावखुऱ्यावर ठळक फुली, आणि खाली पोरसवदा, डावीकडे कललेली सही.

हे सगळं मी शेऱ्यात सविस्तर लिहिलं, त्या फॉर्मची तारीख आणि फाइलमधलं पानही.

निघताना त्यांना म्हटलं, "तपासणीसाठी नाही, पण एकदा डाव्याने सही करून दाखवाल?" त्यांनी पेन घेतलं. मनगट वळत नाही म्हणून कागद तिरका केला, कोपरापासून अख्खा हात हलवत सावकाश नाव लिहिलं. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. तोच डावीकडचा कल, शेवटच्या अक्षराला तोच फराटा, फक्त रेघ थरथरलेली.

ते बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हा कागद मी घेऊन जाऊ?"

अशा दाव्यांचा निकाल काय लागला ते आम्हाला कळवत नाहीत. यांचाही कळला नाही. कागद त्यांनी चार घड्या करून खिशात ठेवला, डाव्या हाताने.