‘मग घेऊन का जात नाही त्याला?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विचारणारे बहुतेक फोनवर असतात, रात्री दहाच्या पुढे, आणि जेवणाचं ताट समोर असावं इतपत घाईत.

“त्या कुत्र्यांचं बघणाऱ्या बाई ना?”

“हो, बोला.”

“इथे कन्नमवार नगरात एक कुत्रं पडलंय टेम्पोखाली. वास मारतंय. घेऊन जा.”

“तुम्ही तिथेच आहात का?”

“नाही, मी घरी आलो. तुम्ही या आणि घेऊन जा.”

येते, पण मी पोचेपर्यंत खाली थांबाल का, असं विचारलं की समोरचा चिडतो. तुमची संस्था आहे ना? लोक पैसे देतात ना तुम्हाला? मग घेऊन का जात नाही?

संस्था म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मोठं आवार येतं, फाटकावर बोर्ड, आत ओळीने खोल्या, दारात उभी अँब्युलन्स. आमची विक्रोळीची संस्था म्हणजे नऊ माणसं. मी विम्याच्या ऑफिसात फायली सरकवते. एक बेस्टमधून निवृत्त झालेले कंडक्टर आहेत, एक नर्सिंग शिकणारी मुलगी, दोन कॉलेजची पोरं, बाकीच्या माझ्यासारख्याच नोकरी आणि कुकरच्या शिट्ट्या सांभाळून येणाऱ्या. गाडी नाही. तळमजल्यावर राहणाऱ्या एकीच्या गॅलरीत दोन पिंजरे आहेत आणि त्यावरून सोसायटीची तिला दोन पत्रं आली आहेत. महापालिकेने २०१४ साली मुंबईतली रस्त्यावरची कुत्री मोजली तेव्हा आकडा पंचाण्णव हजारांच्या आसपास होता. पिंजरे दोन. त्यातला एक बहुतेक वेळा डायरिया झालेल्या पिल्लांनी अडवलेला.

पण जागा नाही हे माझं खरं उत्तर नाही. उद्या कोणी आरे कॉलनीत दोन एकर दिले तरी मी मुकादमला तिथे नेणार नाही.

मुकादम म्हणजे त्या रात्रीचा टेम्पोखालचा कुत्रा. सकाळी झाडूवाल्यांच्या मागे मागे गल्लीत फेरी मारतो, प्रत्येक कचऱ्याच्या डब्यापाशी थांबून तपासणी करतो, म्हणून नाक्यावरच्या वडापाववाल्या मावशींनी ठेवलेलं नाव. फोन करणारे काका आश्चर्य म्हणजे खाली आले होते. लुंगी, बनियन, हातात छत्री, चेहऱ्यावर ‘पाच मिनिटं, जास्त नाही’ असा भाव.

ऑगस्टचा पाऊस होता. वास आधी आला, गोडसर आणि कुजका. हा वास एकदा नाकात बसला की फळांच्या गाडीपाशीसुद्धा दचकायला होतं. डाव्या कानामागे चार आण्याएवढं भोक दिसत होतं. आत टॉर्च मारला तर ते भोक हलत होतं.

अळ्या. पावसाळ्यात साध्या ओरखड्यावर माशी बसते, अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या बाहेर येतात. त्या आतलं मांस खात खात खोल जातात. वरून जखम एवढीशी दिसते आणि आतून बोगदा झालेला असतो. मान आणि कान ही वाईट जागा, कारण कुत्र्याची जीभ तिथे पोचत नाही. पायाला असतं तर चाटून चाटून त्याने स्वतःच निम्मं काम केलं असतं.

माझ्यासोबत आलेल्या आमच्या ओम्याने मागून टॉवेल टाकला. मी बँडेजची पट्टी तोंडाभोवती घेतली, एक गाठ नाकावर, एक हनुवटीखाली, तिसरी कानांच्या मागे. दिसायला क्रूर दिसतं, पण वेदनेतला कुत्रा कोणालाही चावतो, ज्याने रोज खाऊ घातलं त्यालाही. आता टॉर्च कोण धरणार? काकांनी छत्री माझ्या डोक्यावर धरली होतीच, दुसऱ्या हातात मोबाईल घेतला. औषधाचा स्प्रे मारला की अळ्या गुदमरून वर येतात, मग चिमट्याने एकेक काढायची. घाई करून तुटली तर तिचा तुकडा आत सडतो. वर्तमानपत्रावर मोजत होते. एकशे बारानंतर मोजणं सोडलं. काका मधेच म्हणाले, “फिनाईल ओतलं असतं तर?” मी म्हटलं, काका, तुमच्या जखमेवर ओतू का? फिनाईल नाही, रॉकेलही नाही. चामडी जळते आणि कुत्रा चाटून विष पोटात घेतो.

शेवटच्या झटापटीत पट्टी सुटली आणि मुकादमचा दात ओम्याच्या मनगटाला लागला. दोन थेंब रक्त. त्याला ताबडतोब सोसायटीच्या नळाखाली उभा केला. साबण लावून पंधरा मिनिटं, वाहत्या पाण्यात. काकांनी घड्याळ लावलं आणि बारा मिनिटांनी तो “झालं की” म्हणाला तेव्हा त्यांनीच त्याला दटावलं. हळद, चुना, तिखट असलं काही लावायचं नसतं. आम्ही सगळ्यांनी रेबीजची लस आधीपासून घेतलेली आहे, तरी अशा वेळी पुन्हा डोस लागतात, म्हणून तो सकाळी पालिकेच्या हॉस्पिटलात गेला. तिथे लस फुकट मिळते. तुम्ही लस घेतलेली नसेल तर पूर्ण कोर्स, आणि रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही. कुत्रा ओळखीचा आहे म्हणून कोणी घरी बसू नये. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही, इतकं ते सरळ आहे.

त्या रात्री काका पाच मिनिटांऐवजी दीड तास थांबले. म्हणून मी विचारते, थांबाल का? तुम्ही निघून गेलात तर आम्ही टॉर्च घेऊन बारा टेम्पोंखाली वाकून बघतो आणि तोवर कुत्रा भिंतीपलीकडे गेलेला असतो. गेल्या पावसात निम्म्या फेऱ्या अशाच फुकट गेल्या असतील.

जखम खोल होती, त्यामुळे मुकादमला ‘घेऊन जावं’ लागलंच. आमच्याकडे नव्हे, परळला. बैलघोडा हॉस्पिटल तुमच्या आजोबांनाही ठाऊक असेल. कागदोपत्री ते बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, घोड्यागाड्यांच्या जमान्यातलं, म्हणून लोकांच्या तोंडी बैलघोडा. विक्रोळीहून तिथे जाणं हे वेगळंच प्रकरण. रिक्षा सायनच्या पुढे जात नाही आणि टॅक्सीवाला कुत्रं बघितलं की काच वर करतो. शेवटी बिसलेरीचे जार पोचवणाऱ्या एका पोराच्या टेम्पोतून नेला, जारांच्या मधोमध, पोत्यावर.

आता तुमचा दुसरा प्रश्न. बरा झाला, मग परत इथेच का आणून सोडता? पहिल्यापेक्षा हा जास्त रागाने विचारला जातो.

एक तर कायदाच तसा आहे. प्राणी जन्मनियंत्रणाचे नियम २००१ साली आले, २०२३ साली नव्याने निघाले, आणि दोन्हींत मुख्य गोष्ट एकच: नसबंदी करा, लस द्या, जिथून उचललं तिथेच सोडा. २०२५ च्या ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि आसपासची कुत्री निवाऱ्यांत हलवायला सांगितली, तेव्हा माझा फोन आठवडाभर तापलेला होता. “आता तर कोर्टच म्हणतंय.” बावीस तारखेला त्याच न्यायालयाने तो आदेश बदलला: रेबीज झालेली किंवा अंगावर धावणारी सोडून बाकीची लस-नसबंदी करून परत सोडा. नोव्हेंबरात शाळा, हॉस्पिटलं, बस स्टँड, रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातली कुत्री मात्र परत तिथे सोडायची नाहीत असं सांगितलं. या तीन तारखांपैकी पहिलीच लोकांच्या लक्षात राहिली आहे.

आणि मारून, हाकलून बघितलेलं आहे हो या शहराने. कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून १८३२ च्या जूनमध्ये फोर्टात पारशांनी दंगा केला होता. त्यानंतरही १९९४ पर्यंत पालिका पकडून आणलेली कुत्री विजेच्या धक्क्याने मारत होती. दीडशेहून जास्त वर्षं! कुत्री संपली असती तर मी आज रात्री लवकर झोपले असते. जागा रिकामी झाली की कचरा तसाच असतो, आणि कचऱ्यावर हक्क सांगायला पलीकडची टोळी येते, नसबंदी न झालेली, लस न टोचलेली, गल्लीतल्या पोरांना न ओळखणारी. मुकादमच्या कानाला खाच आहे. “कान कोणी कापला हो बिचाऱ्याचा?” असं दर महिन्याला कोणीतरी हळहळून विचारतं. भूल दिलेली असताना डॉक्टरांनीच कापला. नसबंदी झाल्याची ती खूण आहे.

पण कायदा आणि इतिहास मी पुढे करते ते भांडण लवकर मिटावं म्हणून. मला स्वतःला हे शिकवलं ठमीने.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. ठमी ही आमच्या मागच्या चाळीतली, एका डोळ्याने अधू, भुंकायची मात्र दोघींचं. पुनर्विकासात चाळ पाडायला घेतली तेव्हा तिचं काय होणार म्हणून मीच अस्वस्थ झाले. ओळखीतल्या कोणाचं तरी बदलापूरच्या पुढे शेतघर होतं. मोकळी हवा, राखणदार, दोन वेळचं जेवण. मी स्वतः तिला गाडीत घालून नेलं, फोटो काढले, ‘ठमीला घर मिळालं’ असं सगळ्यांना कळवलं. शंभरएक जणांनी हात जोडले. तिसऱ्या दिवशी राखणदाराचा फोन, दोरी तोडून गेली. आम्ही दोन रविवार ती वाट पालथी घातली. रेल्वेच्या रुळाकडेने, म्हणजे विक्रोळीच्या दिशेनेच, ती जाताना एका दुधवाल्याने पाहिली होती. पुढे काही नाही.

चाळीतली माणसं मात्र समोरच्याच संक्रमण शिबिरात राहायला गेली होती. ठमी रस्ता ओलांडून त्यांच्या दारात जाऊन बसली असती. माझ्या डोक्यात चाळ म्हणजे तिचं घर होतं. तिच्या डोक्यात ती माणसं.

तेव्हापासून हलवाहलवीला मी सहसा नाही म्हणते, आणि पिल्लांच्या बाबतीत तर हमखास. आई दिसत नाही म्हणून लोक खोक्यात भरून आणतात. अहो, आई मच्छी मार्केटात गेलेली असते, दोन तासांनी येऊन रिकामी जागा हुंगते. लांबून नजर ठेवा, संध्याकाळपर्यंत आली नाही तर सांगा.

पाळलेल्यांचे ‘घेऊन जा’ आणखी वेगळे. बदली झाली, बाळ झालं, सासूबाईंना केसांची अ‍ॅलर्जी. मुंबईच्या मे महिन्यात हस्की! तिथे मी उद्धट होते, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. उलट दिवाळीत हरवलेल्यांचे फोन आले की जीव तुटतो. फटाक्याला बिचकून, पट्टा सोडवून पळालेला कुत्रा घाटकोपरहून मुलुंडला सापडतो, आणि गळ्यात चांदीच्या पट्टीवर काय, तर ‘ब्रुनो’. ब्रुनोला त्याचं नाव माहीत आहे हो. तुमचा मोबाईल नंबर घाला. आणि त्याचा पाय दुखतोय म्हणून तुमच्या डब्यातली अंगदुखीची गोळी देऊ नका. जठरातून रक्तस्राव होऊन मेलेला एक लॅब्रॅडॉर मी पाहिलाय, मालकाने प्रेमाने पेढ्यात घालून दिली होती.

गोळी द्यायचं काम आमचंही असतंच, डॉक्टरांनी सांगितलेली. नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले, आम्ही दहीभाताची. फरक एवढाच की आमचा पांडुरंग भात खाऊन गोळी तेवढी बाहेर थुंकतो.

मुकादम परळला अकरा दिवस होता. जारवाल्या पोरानेच परत आणला. मान अर्धी भादरलेली, जखमेवर गुलाबी नवी चामडी. टेम्पोतून उतरल्यावर दोन मिनिटं नुसता उभा राहिला. मग ट्रान्सफॉर्मरचा खांब, मग काकांच्या स्कूटरचं चाक, मग कचऱ्याचा डबा, असं रीतसर एकेक तपासत, खुणा करत नाक्यापर्यंत गेला. काका गॅलरीतून बघत होते. स्कूटरच्या चाकाबद्दल त्यांनी मला वरूनच काहीतरी ऐकवलं.

मावशींनी कढईतून मान वर केली. “आलास? अकरा दिवसांची हजेरी कोण लावणार?” असं म्हणून त्यांनी पाव मोडला.