दुभाषी हवाय का?

कोलोरॅडोत काउंटी कोर्टाच्या जज्जाला दर ४ वर्षांनी मतदारांसमोर जावं लागतं. समोर उमेदवार कुणी नसतो. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर एवढंच विचारतात, यांना पदावर ठेवायचं का? त्याआधी जिल्ह्याची १० जणांची समिती जज्जाचं काम तपासते. ४ वकील, ६ बिगरवकील. मी त्या सहांतला, बिनपगारी. आमचा अभिप्राय मतदारांसाठीच्या निळ्या माहितीपुस्तिकेत छापून घरोघर जातो. कितीजण तो वाचतात, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नाही.

निकालपत्रं वाचायची, वकील वगैरेंनी पाहणीत जज्जाला दिलेले गुण बघायचे, हे घरी बसून होतं. खरं काम म्हणजे न कळवता कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसणं.

त्या दिवशी घर खाली करण्याची प्रकरणं होती. या जज्जांबद्दल वकिलांची तक्रार एकच: फार हळू चालवतात. कारण तासाभरात कळलं. घरमालकाचा वकील भाडेकरूला बाहेर पॅसेजमध्ये गाठतो, तडजोडीच्या कागदावर सही घेतो आणि आत येऊन तो पुढे सरकवतो. त्यावर सही ठोकायला अर्धं मिनिट पुरतं. हे जज्ज मात्र तो कागद भाडेकरूला वाचून दाखवायचे. "या तारखेला किल्ली द्यायचं तुम्ही कबूल केलंय. नाही दिलीत तर शेरीफ येईल. हे माहीत होतं का?" एक बाई म्हणाली, "नाही, मला वाटलं फक्त हप्ते ठरलेत." वकिलाचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्या एका कागदाला ६ मिनिटं लागली. मी घड्याळ लावूनच बसलो होतो. पाहणीत हेच 'दिरंगाई' म्हणून मोजलं जातं.

पुकारे संपले, खोली रिकामी झाली. उरलो मी, मांडीवर वही. जज्जांनी माझ्याकडे पाहिलं आणि एकेक शब्द सुटा करत, मोठ्याने विचारलं, "सर, तुमचं नाव यादीत नाही. पण घाबरू नका. दुभाषी हवाय का?"

मी या देशात २६ वर्षं आहे. "नको, मी नुसता बघायला आलोय," म्हटलं आणि बाहेर पडलो.

गाडीत बसून टिपणं पुरी करायला घेतली. समितीचे निकष ६. त्यातलं हे कुठे लिहू? 'संवाद'मध्ये चांगलं म्हणून, की 'स्वभाव'मध्ये खटकलं म्हणून? भाडेकरू समजूनही माणूस माझ्याशी नीटच बोलला होता. आणि रंग बघून त्याने मला भाडेकरू ठरवलं होतं. रांगेत खरंच कुणी इंग्रजी न येणारा असता, तर मीच त्या प्रश्नाची वाहवा केली असती. शेवटी घडलं तसं लिहिलं, रकाना कोरा ठेवला.

काही आठवड्यांनी जज्ज समितीपुढे मुलाखतीला आले. सगळ्यांशी हात मिळवत माझ्यापाशी पोचले, तेव्हा हात जरा जास्त वेळ धरून राहिले. ओळखलं होतं. माझी विचारायची पाळी आली तेव्हा तो प्रश्न अगदी ओठांवर होता.

मी विचारलं, राखून ठेवलेला निकाल साधारण किती दिवसांत देता?