वीस मोत्यांचा बिल्ला

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहावे, असे बाईंचे पत्र आले, तेव्हा शाळेच्या जोडीने मला वॉशिंग्टनचे हॉवर्ड विद्यापीठ आठवले. तेथे मी पदव्युत्तर शिक्षण घेतले. जानेवारीतल्या एका कडाक्याच्या थंडीच्या दिवशी गुलाबी व हिरव्या रंगांचे पोशाख केलेल्या स्त्रिया आवारात जमल्या होत्या. त्यांत विशीतल्या मुली होत्या, तशा सत्तरी ओलांडलेल्या आज्याही होत्या, आणि सगळ्या एकमेकींना ‘सोरोर’, म्हणजे बहीण, अशी हाक मारत होत्या. ‘अल्फा कप्पा अल्फा’ या भगिनीसंघाचा, म्हणजे अमेरिकी विद्यापीठांत ‘सोरोरिटी’ म्हणतात तशा विद्यार्थिनींच्या संघटनेचा, तो स्थापनादिन होता.

१५ जानेवारी १९०८ रोजी एथेल हेजमन आणि त्यांच्या आठ सहाध्यायिनींनी हॉवर्डमध्ये या संघाची स्थापना केली. अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम ४३ वर्षे झाली होती. कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची ही पहिली सोरोरिटी. लवकरच आणखी सात जणी आल्या. पुढे नाव आणि रंग बदलावेत की नाही, यावरून मतभेद झाले. बदल हवा असलेल्या २२ जणींनी जानेवारी १९१३ मध्ये ‘डेल्टा सिग्मा थीटा’ स्थापन केली आणि ३ मार्चला स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्चात त्या सामील झाल्या. जुने नाव टिकावे म्हणून संघातल्याच नेली क्वांडर यांच्या पुढाकाराने मूळ संघाची रीतसर नोंदणी झाली. पहिल्या सोळा जणी आणि नोंदणीसाठी झटलेल्या चौघी, अशा वीस जणींची खूण म्हणून संघाच्या बिल्ल्यावर वीस मोती असतात. फूट पडली त्या काळाची आठवणही दागिन्यात जपावी, हे मला फार मोलाचे वाटते.

मला सर्वांत भिडली ती मिसिसिपीची हकीकत. १९३५ ते १९४२ या काळात उन्हाळ्याच्या सुट्टीत या स्त्रिया डॉ. डोरोथी फेरेबी यांच्या नेतृत्वाखाली तेथील खेड्यांत आरोग्यसेवेसाठी जात. वर्णभेदामुळे रेल्वेचा प्रवास दुरापास्त झाला, तेव्हा त्या स्वतःच्या मोटारी घेऊन निघाल्या. कापसाच्या मळ्यांचे मालक मजुरांना दवाखान्यात येऊ देईनात, तेव्हा त्याच मोटारींतून औषधे घेऊन त्या मळ्यांवर गेल्या आणि मुलांना घटसर्पाच्या व देवीच्या लसी टोचल्या. त्यांच्यापैकी अनेकींचे शिक्षण केव्हाच संपले होते. पदवी मिळाल्यावरही सभासदत्व आणि त्याबरोबरचे काम सुटत नाही, ही या संघाची खरी परंपरा आहे, असे मी मानते.

याच संघात हॉवर्डमध्ये शिकताना सामील झालेल्या कमला हॅरिस यांनी २० जानेवारी २०२१ रोजी उपराष्ट्रपतिपदाची शपथ घेतली, तेव्हा त्यांच्या गळ्यात मोती होते. ते पाहताना मला दहावीचा आपला निरोपसमारंभ आठवला. त्या दिवशी आम्ही एकमेकींच्या वह्यांत पत्ते लिहिले होते. माझी ती वही अजून माझ्यापाशी आहे. तिच्यातल्या सर्व नावांची यादी या लेखासोबत बाईंकडे पाठवत आहे. ज्यांचा ठावठिकाणा लागेल, त्यांना माझा पत्ता अवश्य द्यावा.