तुम्ही विचारलंत म्हणून : महामार्गावर हात सोडून

गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये प्रसादाच्या रांगेत उभी असले की कुणीतरी विचारतंच. पुण्याहून मावसभावाचा फोन आला की शेवटी त्याचीही गाडी तिथेच येते : "ताई, तिकडे अमेरिकेत म्हणे हात सोडून गाडी चालवता? खरंच चालते का गं? आणि त्यातली चांगली कुठली?" दर वेळी मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून मोकळी होते आणि घरी आल्यावर वाटत राहतं, अर्धंच सांगितलं. म्हणून आज नीट बसून लिहिते.

आम्ही डेट्रॉईटजवळ नोव्हायला राहतो. मुलगी शिकागोत नोकरी करते. महिन्यातून एकदा तरी तिच्याकडे जाणं होतं. आय-94 महामार्गाने अ‍ॅन आर्बर, जॅक्सन, कॅलमझू करत साडेचार तास. नवऱ्याला रात्रीचं नीट दिसत नाही, त्यामुळे परतताना स्टीअरिंग माझ्याकडेच. त्यात तीन वर्षांपूर्वी माझा उजवा खांदा आखडला. घरी पोचल्यावर हात वर करून कपाटातला कप काढता यायचा नाही. हात सोडून चालणारी गाडी घेतली ती त्या खांद्यापायी, हौस म्हणून नाही.

तर पहिलं उत्तर : हो, चालते. आणि चांगली चालते. पुढच्या गाडीशी अंतर राखते, वळणावर वळते, आपल्या पट्ट्याच्या, म्हणजे लेनच्या, मधोमध राहते. पहिल्या दिवशी मी दोन्ही हात स्टीअरिंगपासून वीतभर अंतरावर धरून बसले होते, गॅसवर दूध ठेवल्यावर बसतो तशी. अ‍ॅन आर्बर गेल्यावर ते मांडीवर आले. त्या रात्री घरी येऊन मी कपाटातून कप काढला. हे मी मनापासून सांगते, कारण पुढचं सगळं वाचून कुणाला वाटेल की मी या तंत्राच्या विरोधात आहे. अजिबात नाही.

पण ‘हात सोडून’ म्हणजे ‘गाडी आपली आपण जाते’ असं नव्हे. अमेरिकेत स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या ठरवलेल्या आहेत. जनरल मोटर्सची सुपर क्रूझ आणि फोर्डची ब्लूक्रूझ या हात सोडू देणाऱ्या दोन्ही प्रणाली दुसऱ्या पायरीवर. तिथे यंत्र स्टीअरिंग, ब्रेक, वेग सांभाळतं, पण चालक तुम्हीच. अपघात झाला तर गाडी मी चालवत नव्हते, हे म्हणायची सोय नाही. आणि गंमत म्हणजे तुमच्याकडे पुण्यात ज्या गाड्यांवर एडीएएस, म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा, असं लिहिलेलं असतं, त्यातल्या वरच्या प्रकारच्या गाड्याही याच दुसऱ्या पायरीवर. हात काढले की त्या काही सेकंदांत ओरडतात, इकडच्या ओरडत नाहीत. मग फरक कशात?

एक फरक नकाशाचा. 2017 मध्ये सुपर क्रूझ पहिल्यांदा कॅडिलॅकच्या सीटी6 गाडीत आली, तेव्हा अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे 1,30,000 मैल महामार्गांचा लेझरने मोजलेला नकाशा तिच्याबरोबर होता. पुढचं वळण कॅमेऱ्याला दिसायच्या आधी गाडीला ठाऊक असतं. नकाशाबाहेर हात सोडायची परवानगीच नाही. ब्लूक्रूझ 2021 मध्ये आली, तिचंही तसंच. ठरलेल्या महामार्गांवर शिरलं की समोरचा पडदा निळा होतो, बाहेर पडलं की हात ठेवा म्हणते.

दुसरा फरक चालकाकडे बघणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याचा, आणि मला तुम्हा सगळ्यांना खरं सांगायचंय ते त्याच्याबद्दल. साध्या गाड्या स्टीअरिंगवर हाताचा जोर जाणवतो का एवढंच तपासतात. स्टीअरिंगला पाण्याची बाटली अडकवून गाडीला फसवणाऱ्यांचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. हात आहे म्हणजे लक्ष आहे, हे गृहीतच कच्चं. हात सोडू देणाऱ्या गाड्या हाताऐवजी डोळे मोजतात. अवरक्त प्रकाशामुळे त्या कॅमेऱ्याला अंधारातही तुमची मान आणि नजर कुठे आहे ते कळतं. सुपर क्रूझमध्ये स्टीअरिंगच्या वरच्या कडेला दिव्याची पट्टी असते. हिरवी म्हणजे गाडी सांभाळतेय. तुम्ही मध्येच स्टीअरिंग फिरवलंत तर निळी. नजर हटली की हिरवी लुकलुकते, मग लाल, मग खुर्ची थरथरते किंवा आवाज येतो, आणि तरीही ढिम्म बसलात तर गाडी धोक्याचे दिवे लावून वेग कमी करत थांबते. लाल पट्टी डोळ्याच्या कोपऱ्यातूनही दिसते, त्यासाठी मान खाली घालावी लागत नाही. ब्लूक्रूझ हेच चालकासमोरच्या पडद्यावर दाखवते. मी दोन्ही चालवल्यात, एक आमची आणि एक मैत्रिणीची. पट्टीची कल्पना मला जास्त पटली. पण अजस्र ट्रकच्या शेजारून जाताना ब्लूक्रूझच्या पुढच्या आवृत्तीतली गाडी स्वतःच्याच पट्ट्यात जराशी पलीकडे सरकते, ते मला फार आवडलं. माणूस चालवताना नकळत हेच करतो. बाजूच्या खुर्चीत बसलेल्याची घट्ट मूठ तेवढ्याने सैल होते.

टेस्लाचं विचारतात ते सगळ्यात जास्त, म्हणून थोडक्यात. तिचा रोख वेगळा. नकाशाने आखलेल्या महामार्गांपुरतं न राहता गावातल्या गल्लीतसुद्धा कॅमेऱ्यांच्या भरवशावर चालायचं. जमतं तेव्हा थक्क व्हायला होतं. पण डिसेंबर 2023 मध्ये ऑटोपायलट या तिच्या प्रणालीसाठी अमेरिकेतल्या जवळपास 20 लाख टेस्ला दुरुस्तीला घ्याव्या लागल्या. चालकाचं लक्ष आहे ना, याची खात्री करणारी व्यवस्था पुरेशी नाही, असा ठपका सरकारी यंत्रणेने ठेवला होता. दुरुस्ती इंटरनेटवरून झाली, गाडी कुठे न्यावी लागली नाही, पण मुद्दा तोच : चालकावरची नजर.

आणि तिसरी पायरी? तिथे गाडी खरोखर म्हणते, तू बघू नकोस, मी बघते. मर्सिडीजच्या ड्राइव्ह पायलटला 2023 मध्ये नेवाडा आणि कॅलिफोर्नियात तशी परवानगी मिळाली. अट अशी की ठरलेला महामार्ग, दिवसाउजेड, पुढे गाड्यांची रांग आणि वेग ताशी 40 मैलांच्या आत. चालवायला परत घ्या म्हटल्यावर तुम्हाला 10 सेकंद मिळतात. हे 10 सेकंद लक्षात ठेवा, कारण आता माझी गोष्ट सांगते.

गेल्या वर्षीचा ऑक्टोबर. शिकागोहून रविवारी संध्याकाळी निघालो होतो. मिशिगनमध्ये बर्फ पडायच्या आत रस्त्याची कामं उरकायची घाई असते, त्यामुळे जागोजागी नारिंगी पिंपं. दोन तास गाडी अशी सुरेख चालली होती की आमच्या मुलीच्या नोकरीवर, भाड्यावर, तिच्या त्या मित्रावर सगळं बोलून झालं होतं. कॅलमझूच्या अलीकडे नवऱ्याने डबा उघडला. पोळीला शेंगदाण्याची चटणी लावून, गुंडाळी करून माझ्या हातात दिली. डोळे रस्त्यावरच होते, कॅमेऱ्याची काही तक्रार नव्हती. पुढे दोन्ही पट्टे पिंपांच्या कडेने डावीकडे वळवलेले होते. जुन्या पांढऱ्या रेषा खरवडलेल्या, पण ओल्या डांबरावर दिव्यांच्या उजेडात त्याच जास्त चमकत होत्या. गाडी क्षणभर जुन्या रेषेमागे सरळ निघाली, मग टिंग वाजलं, आणि तिने सोडून दिलं.

मी गुंडाळी टाकली. स्टीअरिंग धरलं ते तेलकट बोटांनी, आणि ते घसरलं. किती वळवायचं हे हातांना माहीतच नव्हतं, कारण वळणाच्या आधी ते तिथे नव्हतेच. स्वतः चालवताना स्टीअरिंगमधून रस्ता सतत हाताला कळत असतो. आधी किती वळलोय, किती उरलंय, हे हात मोजत असतात. ते मला त्या दोन सेकंदांत शून्यापासून मोजावं लागलं. उजवीकडच्या एका पिंपाला आरसा घासला. एवढंच. मागच्या ट्रकने हॉर्न दिला आणि आम्ही पुढे गेलो. त्यानंतर बॅटल क्रीकपर्यंत आमच्यापैकी कुणी बोललं नाही. चटणी स्टीअरिंगच्या शिवणीत बसली होती, ती दुसऱ्या दिवशी जुन्या टूथब्रशने काढली.

गाडी कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही. डीलरने तपासून सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं, आणि नियमानुसार ते ठीकच असेल. मला राग त्याचा नाही. राग याचा आहे की गाडी विकताना अर्धा तास हात कसे सोडायचे ते दाखवलं, परत कसे धरायचे ते एक मिनिटही कुणी दाखवलं नाही.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचते. 2024 मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेने, आयआयएचएसने, अशा 14 प्रणाली तपासल्या. गाडी किती छान वळते हे त्यांनी बघितलंच नाही. चालकाचं लक्ष ती कसं राखते, इशारा किती लवकर देते, हे बघितलं. 14 पैकी 11 ना ‘खराब’ शेरा. ‘ठीक’ म्हणावी अशी फक्त एक, लेक्ससची टीममेट. सुपर क्रूझ काठावर, ब्लूक्रूझ खराबमध्ये. त्याच ब्लूक्रूझला कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकांच्या मासिकाने 2023 मध्ये पहिला क्रमांक दिला होता! दोघं खोटं बोलत नाहीत. मोजायच्या गोष्टी वेगळ्या. म्हणून ‘चांगली कुठली’ याला मी एका नावात उत्तर देत नाही, तेव्हा कृपा करून टाळतेय असं समजू नका.

2024 च्याच फेब्रुवारी-मार्चमध्ये सॅन अँटोनियो आणि फिलाडेल्फियात रात्रीच्या वेळी ब्लूक्रूझवर चाललेल्या दोन फोर्ड महामार्गावर थांबलेल्या गाड्यांवर आदळल्या आणि तीन माणसं गेली. सरकारी चौकशी सुरू झाली. थांबलेली वस्तू हा या तंत्राचा जुना कच्चा दुवा आहे. रडारला कठडा, पाटी, पूल, उभी गाडी, सगळीकडूनच प्रतिध्वनी येतो. प्रत्येकाला ब्रेक मारला तर गाडी पावलोपावली अडखळेल, म्हणून वेगात असताना स्थिर गोष्टींकडे बरंचसं दुर्लक्ष करायला तिला शिकवलेलं असतं. अंधारात, दिवे बंद करून मध्येच उभी असलेली गाडी तिला उशिरा कळते. माणसालाही कळते उशिराच. पण माणूस जागा असेल तर पुढच्याचे ब्रेक-दिवे आणि वळून जाणाऱ्या गाड्या बघून काहीतरी चुकतंय हे त्याने आधीच ताडलेलं असतं.

इथे माझ्या मावसभावाकडे येते. तो एडीएएसवाली गाडी घेतोय, सासर नागपूरला. समृद्धी महामार्ग 2025 च्या जूनपासून पूर्ण 701 किलोमीटर खुला झालाय, सरळसोट, ताशी 120 पर्यंत. डोळ्यावर झापड आणणारा रस्ता. आणि कडेला उभा असलेला, मागचा दिवा नसलेला ट्रक आपल्याकडे काही नवलाचा नाही. त्याला मी फोनवर एवढंच सांगितलं : शोरूममध्ये गाडी किती सुरेख वळते ते बघू नकोस, ते सगळे दाखवतील. विचार, मी पेंगलो तर तिला कसं कळेल? हातावरून की डोळ्यांवरून? ती सोडून देते तेव्हा आवाज केवढा होतो, मागे गाणं लागलेलं असताना ऐकू येतो का? आणि ट्रायलला जाशील तेव्हा मोकळ्या रस्त्यावर एकदा मुद्दाम तिला सोडायला लाव, म्हणजे तो आवाज ओळखीचा होईल.

"अगं, पण मग घेऊ की नको?" तो म्हणाला.

घे, म्हटलं. माझा खांदा आता बरा आहे, तरी मी रोज वापरते. फक्त नारिंगी पिंपं दिसली की मी तिने सोडायची वाट बघत नाही, आधीच हात घालते. आणि डबा आता कॅलमझूच्या थांब्यावर गाडी उभी करून उघडतो.