हॅफनरचं नाव यादीत नाही

काल जेवताना लेक सहज बोलून गेला, "पण आई, हॅफनर एकदाही ऑल-स्टार नव्हता." फोनवर अंगठा फिरवत, मान वर न करता. टोमणा नव्हता, वाद घालायचा म्हणूनही नाही. तरी रात्री बराच वेळ डोळा लागला नाही आणि सकाळपासून तेच वाक्य डोक्यात घोळतंय.

विषय निघाला होता बेसबॉलच्या जुलै २०२५ मधल्या ऑल-स्टार सामन्याचा, म्हणजे दोन लीगांतले निवडक खेळाडू एकमेकांशी खेळतात त्याचा, आणि त्यातही मिझिओरोव्स्कीचा. मिलवॉकीचा हा पोरगा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. मेजर लीगमध्ये, अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, जेमतेम पाच सामने खेळलाय आणि निघाला अटलांटाला, ऑल-स्टार म्हणून. त्यावरून बापलेकांची जुंपली. बापाचं म्हणणं, फिलाडेल्फियाचा सांचेझ एप्रिलपासून दर पाच-सहा दिवसांनी येऊन खांद्यावर ओझं वाहतोय, जागा त्याची होती. लेकाचं म्हणणं, ताशी शंभर मैलांच्या वरचा चेंडू बघायलाच तर लोक टीव्ही लावतात. मग कर्शॉ निघाला. त्याला लीगच्या प्रमुखाने, कमिशनरने, खास मान म्हणून बोलावलंय, आणि नुकतेच तीन हजार स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटरला बाद करणं) पूर्ण केलेल्या माणसाबद्दल दोघांपैकी कुणालाच काही म्हणायचं नव्हतं. मी इतका वेळ गप्प होते. न्यायाचंच बोलताय तर क्लीव्हलँडचा २००६ चा हॅफनर बघा, म्हटलं. लेकाने बघितलं, आणि ते वाक्य आलं.

मला काय लागलं तेच शोधतेय. त्याने सांगितलेली गोष्ट खरी आहे. ट्रॅव्हिस हॅफनर एकदाही ऑल-स्टार झाला नाही. पण लेकाच्या आवाजात एक 'म्हणजे' होतं. म्हणजे मग तो काही एवढा मोठा नसणार.

क्लीव्हलँडमधली, एच-फोरवरची, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून राहायची ती वर्षं. काम करायची परवानगी नाही, गाडी येत नाही, ओळखी मंडळापुरत्या, आणि मंडळ महिन्यातून एकदा. संध्याकाळी ओट्यावरचा रेडिओ लावायचा आणि क्लीव्हलँडच्या सामन्यांचा समालोचक टॉम हॅमिल्टनचं बोलणं ऐकायचं. आधी निम्मं कळायचं नाही. पण चेंडू बॅटवर नीट बसला की तो आवाज असा चढत जायचा की शब्दांची गरज उरायची नाही. मी कढईखालचा गॅस बारीक करून उभी राहायचे. २००६ च्या उन्हाळ्यात तो आवाज सगळ्यात जास्त वेळा चढला तो हॅफनरसाठी. नॉर्थ डकोटातल्या इवल्याशा गावचा मुलगा, शाळेत त्याच्या वर्गात आठ जण आणि शाळेला बेसबॉलचा संघच नाही. डावखुरा, आडव्या हाडाचा. स्टेडियमच्या उजव्या अंगाला वरच्या मजल्यावर त्याचे फटके जाऊन पडायचे, त्या भागाला लोक प्रॉन्कव्हिल म्हणायला लागले. प्रॉन्क हे त्याचं लाडाचं नाव. मला तेव्हा त्या गावात आपलं म्हणावं असं एवढंच होतं.

त्या वर्षी त्याने ४२ होम रन (बेसबॉलमधले षटकारच म्हणा) मारले. १ सप्टेंबरला हातावर चेंडू बसून हाड मोडलं आणि सीझन तिथेच संपला, तरी ४२. त्यातले सहा ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेसवर आपले खेळाडू उभे असताना मारलेले होम रन. एका सीझनमध्ये सहा त्याआधी फक्त डॉन मॅटिंग्लीने मारले होते, १९८७ मध्ये. हॅफनरचे पाच तर ऑल-स्टारच्या सुट्टीआधीच, तेवढे त्याआधी कुणीच मारलेले नव्हते. आणि ऑल-स्टारच्या यादीत नाव नाही.

कारणं मला तोंडपाठ आहेत. त्या वर्षीचा सामना पिट्सबर्गला होता. दोन लीगांपैकी नॅशनल लीगच्या मैदानावर तेव्हा डी.एच., म्हणजे पिचरऐवजी नुसती बॅटिंग करणारा खेळाडू, नसायचा, त्यामुळे नुसती बॅटिंग करणाऱ्या माणसासाठी मतपत्रिकेत रकानाच नव्हता. बोस्टनच्या ऑर्टिझला लोकांनी पहिल्या बेसवर निवडून दिलं. टोमी होता, कोनर्को होता, दोघेही शिकागोचे. क्लीव्हलँडहून ग्रेडी साइझमोर गेला, आणि तो जायलाच हवा होता. चार वर्षांनी नियम बदलला, आता मैदान कुठलंही असो, डी.एच. असतोच. तोवर हॅफनरचा खांदा गेला होता.

म्हणजे कुणी त्याला नाकारलं असं म्हणताच येत नाही. त्याच्यासाठी रकाना नव्हता, इतकंच. मला तेच जास्त खुपतं.

बाबा असते तर त्यांनी लगेच मुंबईचा डावखुरा फिरकी गोलंदाज पॅडी शिवलकर काढला असता. लहानपणी आमच्या घरी शिवलकरांचा विषय निघाला नाही असा रविवार नसायचा. रणजीत आणि इतरत्र मिळून ५८९ बळी आणि कसोटी एकही नाही. १९७२-७३ ची मद्रासची फायनल बाबा काल बघून आल्यासारखी सांगायचे. पहिल्या डावात १६ धावांत आठ, दुसऱ्यात १८ धावांत पाच. शेवटी मात्र दरवेळी म्हणायचे, पुढे बेदी होता गं. त्या एका वाक्याने त्यांचं समाधान व्हायचं. पुढे बेदी उभा असेल तर माणूस निदान कुणाच्या तरी मागे राहतो. हॅफनर कुणाच्या मागे राहिला? २०२५ च्या मार्चमध्ये शिवलकर गेले तेव्हा बाबांना फोन करावा असं वाटलं होतं. असो.

आमच्या कामावरही त्याच मार्चमध्ये कौतुकाची नावं वाचली गेली. वर्षभर रात्रपाळ्या कुणी सांभाळल्या ते सगळ्यांना माहीत होतं. त्याबद्दल मला लिहायचं नाही.

दुपारी भांडी आवरताना रेडमनची आठवण झाली आणि चिडच आली. त्याच २००६ च्या सामन्याला मार्क रेडमन गेला होता, कॅन्सस सिटीचा पिचर. नऊ डावांमागे ५.२७ धावा देणारा ऑल-स्टार! प्रत्येक संघाचा एक तरी खेळाडू घ्यायचाच असा नियम आहे, म्हणून. वर्षानुवर्षं मी या नियमावर राग धरून आहे. रेडमनची जागा म्हणजे हॅफनरची जागा, असा माझा हिशेब. तो हिशेब नीट बसत नाही हेही ठाऊक आहे, पिचरच्या जागी बॅटर कसा घेणार?

पण आज त्यावरून पुढचं आठवलं. २०१५ मध्ये मतदान पहिल्यांदाच पूर्ण ऑनलाइन झालं आणि कॅन्सस सिटीच्या लोकांनी असा धडाका लावला की एका टप्प्यावर त्यांचे आठ खेळाडू आपापल्या जागी आघाडीवर होते. त्यात ओमर इन्फांटेसुद्धा, ज्याची बॅट त्या वर्षी चालतच नव्हती. देशभर आरडाओरडा झाला. सहा-साडेसहा कोटी मतं रद्द करावी लागली. अखेर इन्फांटेच्या जागी ह्यूस्टनचा आल्तुवे आला आणि कॅन्सस सिटीचे चौघे निवडून आले. तेव्हा मलाही तो निव्वळ आचरटपणा वाटला होता. आमच्या ओहायोतही हे होऊन गेलंय. १९५७ मध्ये सिनसिनाटीच्या वर्तमानपत्राने आधीच भरलेल्या मतपत्रिका छापल्या, आठपैकी सात जागा सिनसिनाटीला गेल्या. मग कमिशनर फोर्ड फ्रिकने त्यातले दोघे काढून विली मेज आणि हँक एरन यांना घेतलं, आणि लोकांचा मतदानाचा हक्कच काढून घेतला. तो परत मिळाला १९७० मध्ये.

आज मात्र ते आठ जण मला वेगळे दिसले. ज्या गावाला इतकी वर्षं नियमाने एक रेडमन मिळाला, त्या गावाने संधी मिळताच आठ मागितले. २००६ मध्ये तिथेही एखादं पोर टीव्हीसमोर बसलं असणार, पूर्ण सामन्यात आपल्या रंगाची एक टोपी शोधत. त्याला ५.२७ शी काय देणंघेणं? माझ्या ओट्यावर रेडिओ होता, हॅमिल्टन होता, हॅफनर होता. त्या पोराला रेडमन होता. त्याच्याकडून तो काढून घ्यावा असं आता मला म्हणवत नाही. हॅफनर हवा होता हे खरं, आणि रेडमन गेला तेही बरं झालं. दोन्ही एकदम मनात ठेवायला जड जातं, पण आज संध्याकाळपर्यंत ते थोडं सैल झालंय.

एक गोष्ट लेकाच्या लक्षात आणून द्यायला हवी. त्याचा स्वतःचा सगळ्यात लाडका ऑल-स्टार म्हणजे शेन बीबर, तेव्हाचा क्लीव्हलँडचा पिचर. २०१९ चा सामना आमच्या गावात झाला, बीबर पाचव्या डावात आला, समोर आलेले तिन्ही बॅटर स्ट्राइकआउट केले आणि सामन्याचा मानकरी ठरला. तो बीबर पहिल्या यादीत नव्हताच. दुसऱ्या कुणाची जागा रिकामी झाली म्हणून आत आला.

२६ जुलैला कूपर्सटाउनला, बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमच्या गावी, हॅमिल्टनचा सन्मान आहे. बेसबॉल समालोचकांचा हा पुरस्कार त्याच फोर्ड फ्रिकच्या नावाचा. आम्ही तिघं मिळून बघणार आहोत. त्याआधी लेकाला हॅफनरचे ते सहा फटके सापडतील तेवढे लावून दाखवणार आहे, हॅमिल्टनच्या आवाजासकट. मिझिओरोव्स्कीबद्दल माझी आता काहीच तक्रार नाही, जाऊ दे त्याला, टाकू दे शंभरच्या वर. सांचेझसाठी मात्र मी बापाच्या बाजूने भांडणार. हे भांडण जुलैतच व्हायला हवं, वीस वर्षांनी ते कोण करणार?